तुळईवरची पांढरी रेघ

आमच्या अंगणात मोटारसायकल उभी करायची तर अण्णाला विचारावं लागे. अंगण माझं, घर माझं, बापाने स्वतः दगड घडवून बांधलेलं. पण अंगणातलं देऊळ अण्णाचं. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, फक्कीने आखलेलं. दर महिन्याला जुनं पुसायचं, नवं आखायचं. ज्या देवळावर लिहायचं ते आधी पायाखाली आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मोठं देऊळ अंगणात मावलं नाही की गोठ्यात शिरायचं. एकदा तर गोपूर पार हायवेच्या गटारीला टेकलं होतं.

माझी बायको तेव्हा होती. कुरडयांच्या दिवसांत ती परात घेऊन कडेला उभी राहायची.

"अण्णा, कुठं घालू?"

"मंडपमा घाला, अक्का. गाभारामा नही."

"आणि कावळ्याने नेल्या म्हणजे?"

"नेऊ द्या. देऊळमा बठ्ठा येतस, माणसं, कावळा, बठ्ठा."

दूधवाला एकदा बूट घालून त्या फक्कीच्या गाभाऱ्यातून सरळ चालत आला. अण्णाने त्याला परत फाटकापर्यंत नेलं आणि बाहेरच्या वाटेने फिरवून आणलं. दूधवाला मला म्हणाला, "नाना, हा भाडेकरू ठेवला का पुजारी?" मी म्हणालो, "मला काय माहीत. दूध दे."

हे हसायचं झालं. मी लिहायला बसलो तो मात्र एका पांढऱ्या रेघेपायी. होळी जवळ आली की ती रेघ अजून माझ्या पोटातून ओढली जाते.

अण्णा तमिळ मुलखातला. रेल्वेच्या पुलांची मापं घ्यायच्या कामावर होता. जवानीत दोंडाईच्याकडे राहिला, तिथल्या गँगमन लोकांकडून बोली उचलली, मग भुसावळला आला आणि तिथेच रिटायर झाला. बायको वारली होती, मुलगी तिकडे दक्षिणेत दिलेली. एका दुपारी स्कूटर हायवेला लावून तो नशिराबादला माझ्या अंगणासमोर येऊन थांबला. मी पाथरवट. जाती, पाटे, उंबरठे, देवळाचे नंदी, सगळं केलं आहे. मिक्सर आला आणि जाती अंगणात पडून राहिली, तरी मी हात थांबवला नव्हता. एक नंदी घेतला होता हातात, गिऱ्हाईक नसताना. अण्णा तासभर उभा.

मी विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नही. तुम्ही करा. मी देखस."

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आला. वरची खोली तेव्हा रिकामीच होती.

तो एक मासिक काढायचा. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. तमिळ लोकांचा जुना इतिहास आणि त्यांची देवळं कशी बांधली, एवढाच विषय. दर अमावास्येला नवा अंक. मी म्हणायचो, हातात धरता येत नाही ते मासिक कसलं? त्यावर तो मला कॉम्प्युटर धरायला द्यायचा. एप्रिल-मेमध्ये तो कॉम्प्युटर इतका तापायचा की बंद पडायचा. मग अण्णाने माझा एक मोठा पाटा वर नेला, त्यावर कॉम्प्युटर ठेवला, स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा घेतला आणि तसाच उघड्या अंगाने चोळांच्या देवळांवर लिहीत बसला. पाटा वर चढवताना दोन पायऱ्यांचे टवके उडाले. त्यांचीही त्याने मापं घेतली.

राजाचं नाव काढलेलं त्याला चालत नसे. जळगावहून एक इतिहासाचे प्राध्यापक त्याला भेटायला आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी तीन राजांची नावं घेतली. हे देऊळ याने बांधलं, ते त्याने बांधलं. अण्णा ऐकत होता आणि बशी गोल फिरवत होता. शेवटी म्हणाला, "सर, राजाने किती दगड उचलले?" प्राध्यापक हसले. अण्णा हसला नाही. "नही, मी खरंच विचारस. एक? दोन?" ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

म्हणून त्याच्या मासिकात एक पान होतं, त्याचं नाव तमिळमध्ये काहीतरी होतं, अर्थ 'हात'. त्या पानावर मी असायचो. एखाद्या खांबाचा फोटो तो मला दाखवायचा आणि विचारायचा, इथं टाकी कशी धरली असेल, हा कोपरा आधी काढला का नंतर. मी सांगायचो. तो लिहायचा, भाषांतर करायचा, खाली माझं नाव. मी चौथी शिकलो. माझं नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत, त्यापलीकडे कुठं छापलं नव्हतं. आता ते परदेशातले लोक वाचत होते. मी वरवर म्हणायचो, त्यात काय. आणि हायवेवरच्या चहाच्या टपरीवर सकाळी जरा जास्त वेळ बसायचो.

त्या मासिकाची दुसरी तऱ्हा म्हणजे अंकाची सुरुवात चुकीने व्हायची. मागच्या अंकात जे चुकलं ते या अंकात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ज्याने केलं त्याच्या नावासकट. बहुतेक वेळा नाव अण्णाचंच. एकदा त्याने एका मंडपाचा एक खांब जास्त मोजला होता. दोन दिवस तो चेहरा पाडून फिरला, आणि मग वर छापलं की खांब मोजताना मी बोलत होतो. मी म्हणालो, "अण्णा, एका खांबाने काय होतं?" तो म्हणाला, "नाना, तो खांब कोणी बांधाच नही. मी बांधा. मी पाथरवट शे का?"

आता रेघेचं.

त्या वर्षी होळीच्या आधी तमिळ मुलखातल्या एका खेड्यातून त्याच्या फोनवर पत्र आलं. तिथल्या देवळाच्या पुजाऱ्याने पाठवलं होतं, सोबत फोटो. देवळापुढे मोठा दगडी मंडप, आणि त्यात दरवर्षी होळीच्या आगेमागे देवाचं लग्न लागतं. सगळं गाव त्या मंडपात बसतं, बायामुली, म्हातारी, तान्ही पोरं. मधल्या तुळईवर एक रेघ दिसते आहे. कोणी म्हणतं नस आहे, कोणी म्हणतं तडा. कचेरीत अर्ज दिला आहे, कोणी बघायला आलेलं नाही. तुमच्या मासिकात तो पाथरवट असतो, त्याला विचारा. लग्न मंडपात लावावं का?

अण्णाने फोन माझ्यापुढे धरला.

आता इथं एक सांगावं लागेल जे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यात सुरू झाला होता. बायको तोवर गेली होती, घर सून बघायची. ती म्हणायची, "नाना, चहात माशी पडली." मी म्हणायचो, "माहीत आहे, राहू दे." अशी गत. डोळे गेले म्हटल्यावर पाथरवटाला कोण विचारतो? ऑपरेशनचा नंबर जळगावला लागला होता, तेही मी घरात 'तपासणी' म्हणून सांगितलं होतं.

फोटोत मला करडा पट्टा दिसला आणि त्यावर पांढरी रेघ. आपल्या काळ्या दगडात अशी गारेची नस हजार वेळा पाहिली आहे. तिच्याने काही होत नाही.

"नस आहे," मी म्हणालो.

"पक्कं?"

"अण्णा, मी काय भाजी विकतो का?"

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याची हीच खोड. पुस्तकावर तो दहा शंका काढायचा, हातावर एकही नाही. अमावास्येला अंक निघाला. हातोडा घेतलेला माझा फोटो, खाली माझं म्हणणं. पुजाऱ्याचं उलट पत्र आलं, गावाने ठरवलं, लग्न मंडपातच. अण्णाने ते मला वाचून दाखवलं आणि मी मिशीवरून हात फिरवला.

आठवड्याने ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा सुनेची जी साडी मी राखाडी समजत होतो ती हिरवी निघाली. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, जरा अण्णाचा अंक काढ, माझा फोटो बघू दे. खोटं कशाला सांगू, आधी मी स्वतःलाच पाहिलं. मग तिने बोट सरकवलं आणि तुळई आली.

तुळईवर कमळाच्या पाकळ्यांची ओळ कोरलेली होती. रेघ त्यातल्या एका पाकळीतून जात होती. नस दगडासोबत जन्मलेली असते. टाकी तिच्यावरून जाते आणि पाकळी एकसंध राहते. इथं पाकळीचा उजवा अर्धा भाग डाव्यापेक्षा एक सूत खाली उतरला होता. एकच सूत, दोन नाण्यांच्या जाडीएवढं. आणि पांढरं जे दिसत होतं त्याला खाली ओघळ होता. नसेला ओघळ येत नाही. कधीतरी कोणीतरी फटीत चुना भरला होता.

"काय झालं नाना?" सून म्हणाली.

"काही नाही. बंद कर."

लग्नाला तीन दिवस होते.

अण्णा धुळ्याला गेलेला. गावाबाहेरच्या एका जुन्या देवळाची मापं घ्यायला, दोन दिवसांसाठी. मापं घेताना तो फोन बंद ठेवायचा. हे मला सोयीचं पडलं, हेही लिहितो. तो सबंध दिवस मी कोणाला काही बोललो नाही. मनाशी म्हणत होतो, एवढी वर्षं उभी आहे, आणखी एक दिवस उभी राहील. त्यांच्याकडचा दगड वेगळा, दाणेदार, कोण जाणे तो असाच उतरत असेल. फोटो तिरका असेल. डोळा नवा आहे, अजून स्थिर नाही. मग डोळे मिटले की तो मंडप दिसायचा, खाली बायका बसलेल्या, आणि कोणीतरी ढोल बडवतोय. ढोलाने दगड हलतो. जड आवाजाने हलतो, मला माहीत आहे.

सुनेने ताट परत नेलं. "डोळा दुखतो का?"

"डोळा नाही दुखत."

सकाळी पहिल्या एसटीने निघालो. काळा चष्मा लावून, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला असताना. जळगावला गाडी बदलली. एरंडोल गेलं. पारोळ्याला ड्रायव्हर चहाला उतरला तो येईचना. मी खिडकीतून ओरडलो, "अरे, किती पितो?" शेजारचा माणूस म्हणाला, "बाबा, लग्नाला चालले का?" मी म्हणालो, "हो. लांबचं लग्न आहे."

धुळ्याला रिक्षा करून देवळापाशी पोहोचलो तर अण्णा आत फरशीवर उताणा पडलेला, छातीवर वही, नजर छताला.

"अण्णा, उठा."

"थांबा नाना. कमळ मोजी राहिनू."

"ती नस नाही. तडा आहे."

कुठली नस, हे त्याने विचारलं नाही. वही छातीवरून घसरली. तो उठून बसला आणि माझ्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिला.

"पक्कं?"

"पक्कं नाही," मी म्हणालो. "वाजवल्याशिवाय पक्कं नाही. वाजवायला सांगा."

त्याने फोन सुरू केला आणि पुजाऱ्याला लावला. दोघं तमिळमध्ये बोलत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं. मागून माणसांची गडबड ऐकू येत होती, लोखंडी खुर्च्या ओढल्याचा आवाज, कोणी तरी हसत होतं. मंडप सजवत होते. अण्णा माझ्याकडे वळला. "मांडववालाकडे हातोडा शे. शिडी लावतस."

"शिडी नको!" मी ओरडलो. "खाली कोणी उभं राहायचं नाही. लांब काठीला हातोडा बांधा. खांबाआड उभं राहा. आधी शेजारची तुळई वाजवा, मग ही. आणि त्या खुर्च्यावाल्यांना बाहेर काढा."

अण्णाने भराभरा सांगितलं. खूप वेळ गेला. देवळात एक कबुतर फडफडलं तरी मी फोनकडे बघत होतो. अण्णाने फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने डोकं चिकटवलं. त्याच्या कपाळाचा घाम माझ्या कानाला लागत होता.

पहिली तुळई वाजली. टण्ण. लांबून आलेला, बारीक, पण स्वच्छ. चांगला दगड कुठल्याही मुलखातला असो, असाच बोलतो.

मग दुसरी. बद्द.

"पुन्हा," मी म्हणालो.

बद्द.

"बंद करायला सांगा. मंडप बंद."

अण्णाने सांगितलं. तिकडून पुजारी एकदम चढ्या आवाजात बोलू लागला. अण्णाने दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मग गप्प राहून ऐकलं. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "तो विचारस, पंधरा दिवस आधी तुमना पाथरवट म्हणे नस शे. आज म्हणस तडा. पाहुणा येल शेतस. मी कोणता शब्द धरू?"

मी भिंतीला टेकलो. त्या भिंतीवर कोणत्यातरी पाथरवटाने काढलेल्या टाकीच्या रेषा माझ्या पाठीला लागत होत्या.

"सांगा त्याला," मी म्हणालो. "त्या दिवशी पाथरवटाला दिसत नव्हतं. न दिसता बोलला. आजचा शब्द धर म्हणावं."

अण्णाने फोनवरचा हात काढला नाही.

"सांगा ना. जसंच्या तसं सांगा."

त्याने सांगितलं. तमिळमध्ये ते वाक्य किती लहान झालं, मला आश्चर्य वाटलं. पुजारी एकच शब्द बोलला आणि अण्णाने मान हलवली.

लग्न बाहेर मोकळ्या जागेत, कापडी मांडवाखाली लागलं. तुळईखाली त्यांनी सागाचा जाड टेकू दिला. तुळई पडली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. गावातले लोक पुजाऱ्याला बोलले म्हणे, उगाच उन्हात बसवलं. टपरीवर इथले लोकही मला बोलले. "नाना, तुमचा दगड अजून वरच आहे म्हणे?" मी म्हणालो, "तू जाऊन खाली बस मग."

अमावास्या आली तेव्हा आमचं भांडण झालं, त्याच्यामाझ्यातलं एकमेव. तो वर पाट्यापाशी बसून चूक लिहीत होता आणि तिच्यापुढे त्याने स्वतःचं नाव घातलं होतं.

"हे काय?" मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"नही. मनी शे. दगडाला हात लावल्याशिवाय हाताचं म्हणणं मी छापं."

"अण्णा, माझ्या चुकीवर तुमचं नाव लावायचं काम नाही."

"अंक मना शे!"

"दगड माझा आहे!"

सून खालून ओरडली, "अहो, चूक आहे ती, बक्षीस नाही!"

शेवटी दोन्ही नावं गेली, माझं वर, त्याचं खाली. त्याने लिहिलं होतं की पाथरवटाच्या डोळ्याला आजार होता. ते मी काढायला लावलं. म्हणालो, "डोळा खराब होता, तोंड तर चांगलं होतं. सांगता आलं असतं." ते वाक्य त्याने घेतलं. त्या अंकापासून तो फोटो दाखवताना आधी माझा चष्मा पुसून द्यायचा, आणि माझ्याकडून उत्तर आलं तरी प्रत्येक वेळी विचारायचा, "पक्कं?" मला राग यायचा. पण मी पुन्हा बघायचो.

गेल्या पावसाळ्यात अण्णा मुलीकडे गेला, चार दिवसांसाठी म्हणून, आणि तिकडेच गेला. मुलीने फोन करून सांगितलं. त्याचे अंक सुनेच्या फोनवर अजून उघडतात, नवा येत नाही. अंगणातली फक्की पावसाने गेली. आता कोणीही कुठंही गाडी लावतं.

यंदा होळी जवळ आली आणि माझं जेवण पुन्हा बंद झालं. त्या तुळईला टेकू आहे का? का कोणी म्हणालं, इतकी वर्षं पडली नाही, काढा ते लाकूड, देवाच्या लग्नात वाईट दिसतं? नवे लोक येतात. मला कोणी कळवणार नाही. अण्णा असता तर एका मिनिटात विचारलं असतं. मला त्यांची भाषा येत नाही, पुजाऱ्याला माझी येत नाही.

चार दिवस मी सुनेच्या मागे लागलो. तिने अण्णाने दिलेला पुजाऱ्याचा नंबर शोधला आणि लावला. पुजारी बोलला. मी म्हणालो, "नशिराबाद. अण्णा." तो एकदम हळू आवाजात बरंच काही बोलला, त्यात अण्णाचं नाव दोनदा आलं. मला कळलं की त्यालाही कळलेलं आहे. सून म्हणाली, "आता काय बोलणार नाना?"

मी फोन तिच्या हातात दिला, अंगणातल्या नंदीजवळ धरायला लावला, आणि हातोडा घेऊन नंदीच्या पाठीवर दोन घाव घातले. थांबलो. पुन्हा दोन.

पुजारी काहीतरी म्हणाला. मग त्याची पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज, मोठ्या जागेत चालताना येतो तसा पावलांचा आवाज. सून माझ्याकडे बघत होती. मी तिला बोट दाखवून गप्प केलं.

बद्द.

तो थांबला. मला वाटलं झालं, एवढंच.

मग आणखी एक आवाज आला. जाड, कोरडा, लाकडाचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात, मला नीट ऐकू जावं म्हणून.

"काय म्हणतो तो?" सून म्हणाली.

"टेकू आहे म्हणतो," मी म्हणालो. "वाढ."